एका नोकरीच्या अर्जातून आत आलेले चोर

जानेवारी २०१५. बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेतील काही कर्मचाऱ्यांना एक ईमेल आला. लिहिणाऱ्याने आपले नाव रासेल अहलाम असे सांगितले होते, बँकेत काम करण्याची इच्छा नम्र शब्दांत कळवली होती आणि आपला अर्ज व माहिती पाहण्यासाठी एक लिंक दिली होती. नोकरी मागणारी पत्रे प्रत्येक मोठ्या कार्यालयात येतात आणि आलेले पत्र उघडून पाहणे हा तिथल्या कामाचाच भाग असतो. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने पुढे न्यायालयात जे नोंदवले, त्यानुसार बँकेतील किमान तीन संगणकांवरून ती फाइल उतरवून घेण्याचा प्रयत्न झाला. अर्जदाराचे नाव मात्र बनावट होते आणि ज्यांनी ते घेतले होते त्यांना नोकरी नको होती.

फिशिंगचा, म्हणजे खोट्या ओळखीचे जाळे टाकून फसवणारा, ईमेल असाच असतो. तो विचित्र किंवा धमकावणारा असेलच असे नाही. अनेकदा तो इतका साधा आणि समोरच्याच्या रोजच्या कामाशी इतका जुळणारा असतो, की तो उघडताना आपण काही निर्णय घेत आहोत असे वाटतही नाही. कर्मचाऱ्यांना दोष देण्यापूर्वी हे लक्षात घ्यायला हवे. शिवाय तपासात असेही आढळले, की इतका मोठा व्यवहार सांभाळणाऱ्या या बँकेच्या संगणक जाळ्याला फायरवॉलचे, म्हणजे बाहेरून होणारी घुसखोरी अडवणाऱ्या यंत्रणेचे, संरक्षण नव्हते आणि संगणक एकमेकांना जोडण्यासाठी अवघ्या दहा डॉलरचे जुने स्विच वापरले जात होते. चूक एका क्लिकची असली, तरी ते क्लिक थेट तिजोरीपर्यंत पोहोचू शकले, याचे कारण ही व्यवस्था होती.

आत आलेल्यांनी लगेच काहीही चोरले नाही. त्यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत, बँकेचे परदेशी व्यवहार ज्या स्विफ्ट प्रणालीतून होतात तिथपर्यंत मजल मारली. मे २०१५ मध्ये फिलिपिन्सची राजधानी मनिलाच्या परिसरात, मकाती शहरातील ज्युपिटर स्ट्रीटवर असलेल्या आरसीबीसी बँकेच्या शाखेत चार खाती उघडली गेली; प्रत्येकात ५०० डॉलर भरले गेले आणि नंतर कित्येक महिने त्यांना कोणी हात लावला नाही.

आता दिनदर्शिका पाहा, कारण या चोरीतले खरे कौशल्य तिथे आहे. ४ फेब्रुवारी २०१६ हा गुरुवार होता. ढाक्यात शुक्रवार आणि शनिवार सुटीचे असतात. गुरुवारी रात्री तिथले कार्यालय रिकामे झाले, तेव्हा बांगलादेशाच्या बँकेचे डॉलर खाते जिथे होते, त्या न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत कामाचा दिवस चालू होता. ढाक्यात सुटी संपून कामकाज पूर्ववत होईपर्यंत न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारची सुटी लागणार होती, आणि सोमवारी, ८ फेब्रुवारीला, चिनी नववर्षामुळे मनिलातील बँका बंद राहणार होत्या. तीन देशांच्या सुट्या एकापुढे एक जोडून चोरांनी स्वतःसाठी चार दिवस मिळवले होते. त्या रात्री ढाक्याच्या नावाने पैसे पाठवण्याचे ३५ आदेश न्यूयॉर्कला गेले आणि त्यांची एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर होती. ढाक्यात हे आदेश आपोआप कागदावर छापणारा प्रिंटरही घातक सॉफ्टवेअरने बंद पाडला होता. शुक्रवारी सकाळी तो चालत नसल्याचे दिसले, तेव्हा यंत्राचा नेहमीचा बिघाड असेल असेच कर्मचाऱ्यांना वाटले.

बहुतेक रक्कम वाचली, पण तिचा मोठा भाग निव्वळ योगायोगाने वाचला. इराणवरील निर्बंधांच्या संदर्भात अमेरिकेच्या यादीत असलेल्या एका जहाज कंपनीच्या नावात ‘ज्युपिटर’ हा शब्द होता. मनिलातील शाखेच्या पत्त्यात तोच शब्द आल्यामुळे न्यूयॉर्कमध्ये आदेश थांबले आणि ३५ पैकी ३० कधीच पुढे गेले नाहीत. श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावाने गेलेले २ कोटी डॉलर परत आले, ते मात्र कोणीतरी नीट वाचल्यामुळे. ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि मधल्या बँकेने त्याबद्दल विचारणा केली. उरलेले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या खात्यांतून कॅसिनोंमध्ये गेले आणि त्यांतील थोडेच परत मिळाले. बँकेच्या गव्हर्नरांनी मार्च २०१६ मध्ये राजीनामा दिला.

ही कथा दूरची वाटत असेल, तर पुण्याकडे वळू. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. तिथल्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसवलेल्या घातक सॉफ्टवेअरमुळे, पैसे द्यावेत की नाही हा प्रश्न बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचण्याऐवजी मध्येच उभ्या केलेल्या खोट्या यंत्रणेकडे जात होता आणि ती प्रत्येक मागणीला होकार देत होती. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. सोमवारी स्विफ्टमार्फत हाँगकाँगलाही रक्कम वळवण्यात आली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपयांचे झाले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या २०१९ च्या अहवालात ढाका आणि पुणे या दोन्ही प्रकरणांचा संबंध उत्तर कोरियाशी जोडलेला आहे.

बँकेवर होणारा हा हल्ला आज लहान आकारात आपल्या फोनवर येतो. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. अनेकदा ती ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ती फाइल म्हणजे चित्र किंवा पत्रिका नसून फोनमध्ये बसवले जाणारे ॲप असते, आणि एकदा एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली, की बँकेकडून येणारा ओटीपी तुमच्याआधी दुसरीकडे पोहोचतो. म्हणून चलन आले आहे का, हे पाहायचे असेल तर परिवहन विभागाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. पत्रिका आली असेल, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. लग्नघरच्या माणसाला त्याचा राग येणार नाही. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकबाबतही हेच लागू आहे. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ‘बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घ्यायला लावले आहेत, तेव्हा पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय उपयोगी पडते. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही, आणि ‘आज रात्रीपर्यंत’ असा दम देणाऱ्या संदेशाला तर आणखी सावकाश उत्तर द्यावे, कारण घाई ही पाठवणाऱ्याची गरज असते.

पैसे गेल्यावर मात्र एक मिनिटही थांबू नये. संशयास्पद ॲप बसले असेल, तर त्या फोनचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून आपल्या बँकेला व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात झपाट्याने सरकत असते. ती बाहेर काढली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर वाटेतल्या बँकेला ती रोखून धरता येते. इथे सर्वांत मोठा अडथळा तांत्रिक नसतो. मुले रागावतील या भीतीने आई-वडील दोन दिवस गप्प राहतात, आणि तेच दोन दिवस चोरांच्या कामी येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच सांगून ठेवा, की असे काही झाले तर आधी फोन करा, कोणीही बोल लावणार नाही.

या वेळेला कायद्याच्या दृष्टीनेही किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना झालेली फसवणूक बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवली, तर ग्राहकावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. ओटीपी ग्राहकानेच सांगितला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते, पण त्यानंतर जाणारा प्रत्येक रुपया बँकेच्या जबाबदारीवर असतो. त्यामुळे बँकेला फोन केल्यावर तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा आणि तो दिनांक व वेळेसह लिहून ठेवावा.