पाणी जातं कुठं?

(वाईतल्या एका वाचनालयाच्या अंगणात, उन्हाळी व्याख्यानमालेत एका गॅरेजवाल्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. या अंगणात संतसाहित्यावर बोलणं झालंय, मधुमेहावर झालंय, मृत्युपत्रावरही झालंय. रेडिएटरवर बोलायला कुणाला बोलावलं असेल असं मला वाटत नाही. मला बोलावण्यात अध्यक्षांचा थोडा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. त्यांच्या गाडीत दर पंधरवड्याला अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. खाली थेंब नाही, डाग नाही. एका ठिकाणी त्यांना सांगितलं, होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, बदला. बदलले. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी, गेलंय, इंजिन खोलावं लागेल. तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले. मी म्हटलं, व्याख्यानाच्या दिवशी गाडी सकाळपासून अंगणात उभी ठेवा आणि कुणी चावी लावायची नाही. ती बघा, बॉनेट उघडून उभी आहे.

आधी काम सुरू करतो, मग बोलतो. हा प्रेशर टेस्टर. सायकलच्या पंपाचा भाऊच म्हणा. हातपंप, त्यावर मीटर, पुढे नळी, आणि डब्यात ही वेगवेगळ्या मापांची टोपणं. प्रत्येक गाडीच्या तोंडाचा आटा वेगळा असतो म्हणून इतकी. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, मी दुपारीच काठोकाठ भरलाय. कूलंटच्या बाटलीचं झाकण काढलं, त्याजागी टोपण बसवलं. झाकणावर १.१ लिहिलंय, म्हणजे १.१ बार. मी तेवढाच दाब देणार, त्याच्या वर एक रेघही नाही. बघा, सुई चढतेय... झालं. आता ती जराशी खाली आली. ते रबराचे होज ताणले गेले म्हणून. पहिल्या मिनिटाला असं होतंच. पुन्हा एक हात मारला. १.१. आता सहा वाजून बारा मिनिटं झालीत. बाळा, तू इथे स्टुलावर बस आणि सुईवर नजर ठेव. हलली की हात वर कर. मध्येच मोबाइल काढायचा नाही.

आता पंधरा मिनिटं हिला हात लावायचा नाही. तोवर हा दाब कशाला लागतो ते बघू.

इथे बसलेल्या सगळ्या बायकांना हे माहीत आहे, फक्त गाडीच्या भाषेत कुणी सांगितलं नसेल. उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजत राहते, कुकरमध्ये चार शिट्ट्यांत होते. कारण आत एक किलोच्या, म्हणजे साधारण एक बारच्या, आसपास दाब धरला की पाणी शंभरऐवजी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गाडीचं अगदी तसंच आहे. कुकरच्या शिट्टीचा दाब आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब जवळपास सारखाच. कुणाच्या झाकणावर ०.९ असतं, कुणाच्या १.१, काही गाड्यांत १.४. फरक एवढाच, की कुकरमध्ये आपल्याला डाळ शिजवायचीय आणि इंजिनात काहीही शिजू द्यायचं नाहीये.

इंजिनाच्या आत पाण्याला ठरावीक जागी फार मोठा चटका बसतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती वगैरे. तिथे पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे धरतात, आणि वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी ओढून घेऊ शकत नाही. तेवढीच जागा तापत जाते, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. किती वाकलं तर बाद? बऱ्याच गाड्यांत ०.०५ मिलिमीटर. डोक्याचा केस याहून जाड असतो साधारणपणे.

आणि आपण राहतो कुठं? पसरणीच्या घाटाखाली. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर. तिथं उघड्या भांड्यात पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे चढावर इंजिन सगळ्यात जास्त तापतं आणि वर पोचेपर्यंत पाण्याची सहनशक्ती समुद्रकाठच्या मानानं चार अंशांनी कमी झालेली असते. मे महिन्यात शनिवारी दुपारी घाटात जा, चार माणसं, एसी चालू, पुढे एसटी, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी. दत्तमंदिराच्या वळणापर्यंत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मोजा. त्यातल्या बऱ्याच जणांचं इंजिन ठणठणीत असतं. आतला दाब टिकत नाही एवढंच दुखणं.

आता हे मनगट बघा. हा डाग एकोणिसाव्या वर्षीचा. गाडी गरम, मी घाईत, फडकं घेतलं आणि झाकण फिरवलं. त्यावेळी आत पाणी असेल ११५ अंशांवर, दाबामुळे गप्प बसलेलं. झाकण उघडलं की दाब गेला, आणि जादाच्या पंधरा अंशांची उष्णता लगेच वाफ करायला लागते. हिशेब केला तर एका लिटरमागे जेमतेम २८ ग्रॅम पाण्याची वाफ होते. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्याची वाफ ४५ लिटरच्या वर जागा मागते, आणि बाहेर पडताना उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन येते. म्हणून गाडी गरम झाली की बाजूला घ्या, बंद करा, चहा प्या, दुसरा चहा प्या. वरचा होज हातात धरवतोय का बघा. मगच झाकण.

काय रे बाळा, सुई? जागेवर. बरं.

पाणी गळायच्या जागा किती सांगू? होजच्या क्लिपा. रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या, त्यांचा जोड. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी टिपकतं. काही मंडळी ते भोक एम-सीलनं बुजवतात. अहो, ते भोक बोलतंय तुमच्याशी, त्याचं तोंड काय दाबता? डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो गळला तर बाहेर थेंब दिसत नाही. डावीकडच्या सीटपुढचा गालिचा ओला होतो, आतून काचेवर तेलकट वाफ धरते आणि गाडीत गोडसर वास येतो. अलीकडच्या काही डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत फिरवलेला धूर गार करणारा भाग, गळतो, तेव्हा पाणी थेट धुराड्यातून निघून जातं.

हे सगळं नुसत्या डोळ्यांनी का दिसत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. धंद्यात नवा होतो, टेस्टर नव्हता. एक छोटी पेट्रोल गाडी आली, पाणी कमी होतंय अशी तक्रार. मी बाहेरून बघितलं, कुठे ओल नाही. म्हटलं, गॅसकेट. हेड खोललं, साताऱ्याला पॉलिशला पाठवलं, नवीन गॅसकेट टाकलं, चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक परत दारात, पाणी पुन्हा कमी. शेवटी टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे हात घालायलाही कोपर वाकडं करावं लागतं तिथे बघितलं. बोटभर लांबीचा होज, त्याला केसाएवढी चीर. त्याच्याखाली एक्झॉस्टचा पाइप. गाडी चालू असताना थेंब पडायचा तो तापलेल्या पाइपवर, आणि जमिनीवर यायच्या आत हवेत. पाइपावर फक्त पांढुरका पापुद्रा होता, मिठागरात असतो तसा. त्या गिऱ्हाइकाचे मजुरीचे पैसे मी परत केले. होज तेव्हा फार तर चाळीस रुपयांचा असेल.

म्हणून चाचणी थंड गाडीवर. थंड इंजिनावर पडलेला थेंब थेंबच राहतो, त्याच्या मागं मागं जाता येतं. दुसरं कारण मीटरचं. इंजिन कोमट असताना दाब दिला तर ते निवत जातं, आतलं पाणी आकसतं, आणि काहीही गळत नसताना सुई उतरते. आपण उगाच शोधत बसतो. उलट उन्हात लावली तर सुई चढतेसुद्धा. आणि पाणी काठोकाठ का भरायचं? पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. आत हवा जास्त असेल तर चमचाभर पाणी गेलं तरी हवा थोडी फुगून जागा भरून काढते, सुई हलत नाही, आणि आपण म्हणतो सगळं ठीक. काठोकाठ पाणी असेल तर चार थेंबांचाही हिशेब मीटर देतो.

आणि दाब झाकणावरच्या आकड्याएवढाच का? जास्त दिला तर लीकेज लवकर सापडेल, असं माझ्या गॅरेजमधली पोरं म्हणतात. वरचा होज साधारण ३५ मिलिमीटर व्यासाचा. १.१ बारला तो आपल्या तोंडावरून निसटायला पावणेअकरा किलोच्या जोरानं धडपडत असतो. दुप्पट दाब द्या, साडेएकवीस किलो. जुनी प्लास्टिकची टाकी आहे. लीकेज सापडणार नाही, नवीन तयार होईल.

सुई उतरली आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तेव्हा कुठे गॅसकेटचा संशय. तेव्हाही इंजिन लगेच खोलायचं नाही. दाब रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी प्लग काढून स्टार्टर मारायचा; सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर प्लगच्या भोकातून फवारा येतो. तोंड बाजूला ठेवा फक्त. दुसरी चाचणी निळ्या द्रवाची. इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळत असेल तर पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. पाच मिनिटांत निकाल. हेड खोलायच्या खर्चापुढे हे काहीच नाही, पण ही दोन्ही कामं न करता हेड खोलणारे आहेत. मीही होतो.

मध्येच एक सांगतो, नाहीतर राहील. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात. हसू नका, सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल तर तात्पुरतं बुजतं. रात्री दोन वाजता घाटात दुसरा उपाय नसेल तर टाका. पण हळदीला छिद्र कुठलं आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली हे कळत नाही. ती दोन्ही बुजवते. तीच गोष्ट बाटलीतल्या लीकेज पावडरची. आणि बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या पाण्याचा किटलीत जमतो तो थर आतही जमतो. कूलंट सांडला तर लगेच धुऊन टाका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. लहान मुलांपासूनही लांब.

गाडीतल्या टेंपरेचरच्या काट्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणीच संपलं तर तो वाफेत लोंबकळतो आणि काटा खाली येऊ शकतो. माणूस म्हणतो, बरं झालं, गार झाली. पुढे दोन किलोमीटरवर इंजिन जाम.

किती वाजले? सहा अठ्ठावीस. चला, मीटरकडे. थोडं सरका, मागच्यांनाही दिसू दे.

सुई कुठंय बाळा, सांग मोठ्यानं. एक पूर्णांक एक. केसभरही हललेली नाही. अध्यक्ष, तोंड का पाडलंत? होज चांगले, पंप चांगला, रेडिएटर चांगला, इंजिन थंड असताना तरी गॅसकेटही चांगलं. काही लीकेज गरम झाल्यावरच उघडतात, ते उद्या गॅरेजमध्ये बघू. पण मग पाणी जातं कुठं?

टेस्टर बसवायला मी काय काढलं होतं? ...बरोबर, ताईंनी ओळखलं. झाकण. पंधरा मिनिटं आपण सगळ्या गाडीची परीक्षा घेतली, आणि झाकण माझ्या खिशात होतं. त्याच्यासाठी या डब्यात वेगळं टोपण आहे. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. स्प्रिंगवाला दाब धरतो आणि जादा झाला की सोडतो. दुसरा छोटा, गाडी निवताना हवा किंवा पाणी आत येऊ देतो. तो अडकला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. हे लावलं. पंप मारतो, कान द्या. ०.२... ०.३... ऐकलंत? सुस्स. ०.४ ला सोडतंय. पुन्हा बघा. परत ०.४.

म्हणजे घाटात तुमची गाडी अर्ध्याहून कमी दाबावर चढत होती, आणि वर गेल्यावर पाणी या झाकणातून वाफ होऊन जात होतं. ही रबराची रिंग बघा, कडक झालीय, नख रुतत नाही. कुकरची अशी झाली तर वहिनींनी पहिल्याच दिवशी बदलली असती. स्टँडसमोरच्या दुकानात मिळेल. १.१ चं मागा, तो ०.९ चं पुढं करेल, चालतंय म्हणेल, घेऊ नका. आणि हे जुनं मला द्या, पोरांना दाखवायला लागतं.