वर्षभराचं पीठ

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातल्या मंडळींना रोडगा काय असतो ते सांगायला नको. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकायची आणि तुपात बुडवायचा. असाच एक रोडगा, फक्त तुपाविना, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर ऑस्ट्रेलियातले गुराखी रोज खात. त्याला ते डॅम्पर म्हणत. पीठ, पाणी, मीठ. गोळा करून राखेत पुरला की झालं. बरोबर खारवलेलं गोमांस आणि पत्र्याच्या डब्यात उकळलेला चहा. तोही कोरा! भोवती हजारो गाई, पण सगळ्या रानात वाढलेल्या. कासेला हात कोण लावून देतंय?

ही गुरं तिथे आली चालत. 1883 साली ड्युरॅक कुटुंबातली माणसं ईशान्येच्या क्वीन्सलँडहून सव्वासात हजार गुरं घेऊन पश्चिमेला, वायव्य टोकाच्या किंबर्ली भागाकडे निघाली. वाट सुमारे 4,800 किलोमीटरची. पाण्याचा डोह सापडला की पुढे पाऊस होईपर्यंत तिथेच महिनोन् महिने मुक्काम. त्यात गुरांना फुफ्फुसाचा रोग लागला. सप्टेंबर 1885मध्ये किंबर्लीतली ऑर्ड नदी दिसली, तेव्हा जवळजवळ निम्मी गुरं वाटेतच संपली होती.

मग घर. वाळवीची वारुळं फोडायची, माती भिजवायची, चोपायची, की जमीन टणक होते. आपल्या आज्यांनी ती जमीन पायाने चाचपून पसंत केली असती. किराणा मात्र लांबून, बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच. पावसाळ्यात नद्या फुगल्या की वाट बंद. पिठाला किडे लागत. चाळायचं आणि तेच मळायचं.

दक्षिणेच्या वाळवंटी भागात ही पोती उंटांवरून जात. 1866 साली कराचीहून शंभराहून जास्त उंट आणि 31 उंटवाले तिकडे नेले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थी आपल्याच इलाख्याचे उंट! त्या उंटवाल्यांना तिथे सरसकट अफगाण म्हणत. बलुची असो की पंजाबी.

या साऱ्यांना 'पहिले वसाहतकार' म्हणायची रीत आहे. त्यातला 'पहिले' हा शब्द मला खटकतो. वेव्ह हिलचा गुरांचा तळ 1883 साली पडला, तो गुरिंजी या तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांच्या भूमीवर. डोहांवर गुरं आली, शिकार पळाली, बंदुका चालल्या. पुढे त्याच लोकांनी घोड्यावर बसून ती गुरं वळवली, त्यांच्या बायकांनी मालकाची घरं झाडली. मोबदला काय? मुख्यतः शिधा. पीठ, चहा, साखर, तंबाखू, थोडं मांस.

ऑगस्ट 1966मध्ये गुरिंजींचे पुढारी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागोमाग वेव्ह हिलची सुमारे दोनशे माणसं काम टाकून चालती झाली. आधी बोलणं मजुरीचं होतं. लवकरच त्यांनी जमीनच मागितली. नऊ वर्षं लागली. 16 ऑगस्ट 1975 रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथे आले आणि जमीन परत दिल्याची खूण म्हणून त्यांनी लिंगियारींच्या तळहातावर मूठभर लाल माती ओतली.

तो फोटो जगभर गेला. पण गंमत अशी, की खरा प्रसंग घडला तो छपराच्या सावलीत. छायाचित्रकार मर्विन बिशप, हेही आदिवासीच, त्यांना तिथला उजेड पसंत पडेना. त्यांनी दोघांना बाहेर निळ्या आभाळाखाली यायला सांगितलं. लिंगियारींनी पुन्हा हात पुढे केला, आणि पंतप्रधानांनी पुन्हा माती ओतली.