चेरोकींनी आधी पाण्याची लाइन टाकली

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या मेळाव्यात चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीचा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलंच असेल. पण ओक्लाहोमातल्या टुल्सात राहणारे आपण बरेच जण घराचा हप्ता भरतो तो चेरोकी नेशनच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शासनाच्या हद्दीत. त्यांची राजधानी टाहलेक्वा इथून फार तर दीड तासावर. शेजार म्हणून तरी ओळख हवी.

१८३८-३९ मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १६ हजार चेरोकींना पूर्वेकडच्या घरांतून हुसकावून इकडे आणलं. अंदाजे ४ हजार माणसं त्यात दगावली. तो इतिहास आपण ऐकलेला असतो; पुढचं सहसा कोणी सांगत नाही.

चेरोकी नेशनमध्ये बेल नावाचं छोटं गाव आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कित्येक घरांत नळ नव्हता. विल्मा मॅनकिलर तेव्हा चेरोकी नेशनच्या नोकरीत होत्या. पैसा आणि तांत्रिक मदत आम्ही उभी करतो, खोदाई तुमची, असा त्यांचा रोखठोक व्यवहार. गडुगी, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम उरकणं, ही चेरोकींची जुनी पद्धत, आपल्या इरजिकीसारखी. लाइनचे टप्पे कुटुंबांना वाटून दिले आणि गावाने १६ मैल पाइप स्वतः टाकला. १९८५ मध्ये याच बाई चेरोकी नेशनच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. वारसा म्हणजे फक्त पोशाख आणि नाच नव्हे, हे मला या पाइपवरून पटलं.

भाषेचंही तसंच. अस्खलित चेरोकी बोलणारे २०१९च्या सुमारास जेमतेम २ हजार उरले होते, त्यातले बहुतेक साठीपुढचे. २०१९ मध्ये चेरोकींच्या तिन्ही शासनांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. नुसता ठराव करून थांबले नाहीत. चेरोकी नेशनकडे मोठ्यांसाठी दोन वर्षांचा वर्ग आहे: आठवड्याला ४० तास जाणकारांबरोबर बसून चेरोकीच बोलायची, आणि शिकणाऱ्यालाच पैसे मिळतात! डिसेंबर २०२०मध्ये कोविडची लस आली, तेव्हा डॉक्टर-नर्सेसबरोबर पहिल्या रांगेत अस्खलित चेरोकी बोलणारे होते. आजीचा दंड आणि भाषेचा जीव एकाच सुईवर.

आपल्या रविवारच्या मराठी शाळेत ताई-दादा फुकट शिकवतात आणि वर्षाअखेरीस आपण त्यांना शाल-नारळ देऊन मोकळे होतो. यंदाच्या अंदाजपत्रकात ढोल-ताशाच्या आधी शाळेच्या मानधनाची ओळ यावी, अशी माझी सूचना आहे. खजिनदार समोरच बसलेत, त्यांनी लिहून घ्यावं.