त्या साठच्या मागे

फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना घरी विचारतात, 'म्हणजे शेवटी मेडिकलच टाकणार ना?' माझ्या आत्यानं तर गाळासुद्धा बघून ठेवला होता. त्याचं भाडं माझ्या पहिल्या पगारात बसलं नसतं, ते सोडा. फार्म.डी. आपल्याकडे 2008 साली सुरू झालं. सहा वर्षं शिकायचं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, आणि मग आपण नक्की काय करतो ते सगळ्यांना समजावत फिरायचं.

मी कॅन्सरच्या वॉर्डात फार्मासिस्ट आहे. सकाळी डे केअरला, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात तिथे, तपासायला पहिला कागद येतो, कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा. बहुतेक केमोचा डोस उंची-वजनावरून काढतात, याचा मात्र किडनी किती काम करते त्यावर ठरतो. कॅल्व्हर्टचं सूत्र तुमचं पाठ असेल: किडनीच्या गाळण्याच्या वेगात 25 मिळवा आणि एयूसीनं, म्हणजे रक्तात औषध एकूण किती राहावं त्या ठरवलेल्या आकड्यानं, गुणा. एयूसी 5, वेग मिनिटाला 60 मिली, म्हणजे 425 मिलिग्रॅम. पाचवीतलं पोर करील. पण ते 60 आले कुठून? ते ज्यावरून काढतात ते क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनी गाळून टाकते तो कचरा) आजचं की मागच्या सायकलचं, म्हणजे केमोच्या मागच्या फेरीचं? वजन काट्यावर घेतलं की पेशंटला विचारून लिहिलं? हाडाची काडं झालेल्या बाईचं क्रिएटिनिन 0.4 येतं, कारण अंगात स्नायूच उरलेले नसतात. सूत्राला वाटतं, किडनी ठणठणीत आहे. डोस फुगतो. आपली नोकरी त्या साठच्या मागे आहे.

मग डॉक्टरांना फोन करावा लागतो. पहिल्या वर्षी मी आधी वाक्य कागदावर लिहून काढायचे. 'सर, डोस चुकलाय' असं म्हटलं की समोरचा चिडतो, आणि काम राहतं बाजूला. 'सर, वजन 52 वरून 44 झालंय, क्रिएटिनिन आजचं घेतलंय, नवा डोस एवढा येतो, तेवढाच करू का?' असं विचारलं की बहुतेक वेळा 'करा' म्हणतात. हे कुठल्याच पेपरात येत नाही.

व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध शिरेतूनच द्यायचं. चुकून मणक्यात गेलं, तर पेशंट जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून ते सिरिंजमध्ये भरायचंच नाही, सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्यायचं. पिशवी कोणी मणक्याला लावत नाही. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती माणसाच्या हुशारीवर विसंबत नाही.

बीसीओपी ही कॅन्सरच्या फार्मासिस्टांसाठीची अमेरिकेतल्या बोर्डाची परीक्षा जरूर द्या, पण आधी वॉर्डात काढा काही वर्षं. आणि पेशंटशी मराठीत बोलायला शिका. कॅपेसिटाबिन, म्हणजे केमोची गोळी, जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यायची, दोन वेळा. दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा सुट्टी. हे सगळं सांगून झाल्यावर एका आजोबांनी विचारलं, 'आणि एकादशीला?' मी आधी गप्पच झाले. मग म्हटलं, आजोबा, साबुदाण्याची खिचडी पोटभर खायची, दोन्ही वेळा. त्यांनी माझं पेन मागून फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहिलं: खिचडी, मग गोळी.