साडेतीनचा हिशेब

नमस्कार मंडळी.

मला विषय दिला होता ‘आपला मराठवाडा’. संतांपासून दुष्काळापर्यंत सगळं सांगायचं तर हा हॉल उद्या सकाळपर्यंत भाड्याने घ्यावा लागेल. म्हणून एकच आकडा उचललाय : साडेतीन.

आमच्याकडे या आकड्याला भाव जरा जास्तच. देवीच्या साडेतीन पीठांपैकी तुळजापूर आणि माहूर ही दोन पूर्ण पीठं मराठवाड्यातली. तिसरं कोल्हापूर, आणि वणीचा सप्तशृंगगड अर्धं. अर्धं म्हटल्यावर मूर्ती लहान असेल असं कुणालाही वाटेल. पण बघायला जावं तर सगळं उलटंच. माहूरला रेणुकामातेचं दर्शन होतं ते फक्त मुखाचं. शेंदरी तांदळा, म्हणजे घडीव मूर्ती नसलेला देवीचा पाषाण, समोर खलबत्त्यात कुटलेला पानाचा विडा, तोच प्रसाद. हातावर घेतला की बोटं लाल. आणि वणीची देवी? अठरा हातांची, आठेक फूट उंच. तरी माहूर पूर्ण आणि वणी अर्धं!

याचं उत्तर जुने लोक ॐकारात शोधतात. अ, उ, म या तीन मात्रा, आणि वरची अर्धमात्रा म्हणजे सप्तशृंगी. ती अर्धमात्रा उच्चारता येत नाही आणि तिलाच शास्त्रात सगळ्यात वरचं स्थान. म्हणजे नाशिककरांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तसे ते घेतही नाहीत. उलट आमचंच आद्यपीठ म्हणून सांगतात.

आता गेवराई तालुक्यात या. गोदाकाठचं राक्षसभुवन. तिथल्या शनीला भाविक शनीच्या साडेतीन पीठांत धरतात. पेशवाईच्या काळात मुत्सद्दी म्हणून गाजलेल्या साडेतीन शहाण्यांतला एक पूर्ण शहाणा पडला तोही याच गावी. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. मग राघोबादादा आणि तरुण माधवराव पाठीवर आले. ऑगस्ट महिना, गोदावरी दुथडी. निजाम अली निम्मं सैन्य घेऊन पलीकडे उतरला होता, विठ्ठल सुंदर अलीकडेच अडकला. १० ऑगस्टला मराठ्यांनी त्याला गाठलं आणि पलीकडच्यांना नदी ओलांडून मदतीला येता आलं नाही. दिवाण तिथेच मारला गेला.

मला यातली मौज वाटते ती मोजणाऱ्यांची. पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, आणि तिसरा थेट शत्रूचा दिवाण! त्यालाही लोकांनी पूर्ण शहाणा म्हटलं. अर्धे कोण, तर आपले नाना फडणवीस. का, तर लेखणी चालवली, तलवार नाही. हे अर्धे नाना मात्र १८०० सालापर्यंत राज्याचा गाडा ओढत राहिले. माझं मत विचाराल तर अर्धा शहाणा जास्त कामाचा.

साडेतीन मुहूर्तांत मी फार शिरत नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, बलिप्रतिपदा. यातला अर्धा कोणता, यावर एकाच घरात दोन मतं असतात आणि सोनार चारही दिवस दुकान उघडं ठेवतो.

जुन्या शाळेत साडेतीनचा वेगळा पाढा होता, औटकी. दोनाला सात, तीनाला साडेदहा, चाराला चौदा. बाजारात हिशेब तोंडी व्हायचे तेव्हा तो लागायचाच. पैठणजवळच्या आपेगावचे आपले ज्ञानोबा. त्यांनीसुद्धा कुंडलिनीची, म्हणजे योगात सांगितलेल्या देहातल्या निद्रिस्त शक्तीची, वेटोळी औटच, म्हणजे साडेतीनच सांगितली. देहही ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात. माझ्या आजीचं भांडण बांधावरून सुरू झालं की शेवटी इथेच यायचं : “अन् मेल्यावर किती लागतंय रे? साडेतीन हात!” तिने स्वतः मात्र बांध वीतभरही सोडला नाही.

राहिलं औट घटकेचं राज्य. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे हे राज्य चौऱ्यांशी मिनिटांचं. अध्यक्षांनी मला दिली होती पंधरा, आणि ते मघापासून घड्याळ दाखवतायत. नाशिकच्या मंडळींनी वणीवरचं काय ते जेवणाच्या रांगेत सुनवावं. मी भाकरी-ठेच्याच्या टेबलापाशी सापडेन.