राधिकाला सौमित्र कशासाठी हवा होता?

मंडळी, मालिकेतल्या बाईला सुखी व्हायला प्रेम लागतंच का, या प्रश्नावर बोलायचं तर राधिका सुभेदारपासूनच सुरुवात करावी लागेल. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 ते 2021 अशी साडेचार वर्षं चालली. राधिका तुमच्या-आमच्या घरातलीच झाली होती. नागपूरची, वऱ्हाडी बोलणारी, पै-पैचा हिशोब ठेवणारी. नवरा गुरुनाथ मुंबईत चांगल्या पगारावर, आणि त्याला या सगळ्याची लाज वाटायची. मग त्याच्या आयुष्यात दुसरी बाई, शनाया, आली.

राधिकानं आधी नवरा परत मिळवायला जंग जंग पछाडलं. त्या दिवसांत मला तिचा राग यायचा, खरं सांगते. पण पुढे तिनं मसाले विकायला घेतले. आजूबाजूच्या बायकांना हाताशी धरलं, कंपनी उभी केली, आणि ज्या हातांना नवरा नावं ठेवत होता त्याच हातांच्या चवीवर धंदा चालवून दाखवला. मालिकेतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. बाई स्वतःची किंमत स्वतः ठरवते, आणि ती ठरवताना तिच्या शेजारी कुणी पुरुष उभा नसतो.

आणि मग सौमित्रशी लग्न! सौमित्र माणूस म्हणून गुणी, समंजस. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण त्या लग्नानंतर ‘चला, बिचारी मार्गी लागली एकदाची’ असं मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलं. अहो, मार्गी ती केव्हाच लागली होती! स्वतःचे मसाले विकून चार बायकांना काम दिलं, तेव्हाच. तिच्या कर्तबगारीवर शिक्का मारायला दुसरा नवरा आणावा लागतो, असं प्रेक्षकांना वाटलं असेल, तर मालिकेनं आपलंच कमावलेलं घालवलं असं मी म्हणेन.

हे असं का होतं, तेही बघू. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला पाच-सहा भाग, आणि डोक्यावर दर आठवड्याचे टीआरपीचे आकडे. लग्न घातलं की साखरपुडा, मेंदी, हळद, रुसवेफुगवे, कुणीतरी विघ्न आणणार, आणि रविवारी महाएपिसोड. दिवाणखान्याचा सेट उभाच असतो. उलट मिरचीचा भाव वाढला, बँकेनं कर्ज अडवलं, माल परत आला, यावर भाग लिहायचे तर लेखकाला बाजारात जाऊन बसावं लागतं. तेवढी उसंत कुणी देत नाही. अडचण मला कळते, पण ती मान्य करून गप्प बसायला मी तयार नाही. कारण वेगळं काही करता येतं हे आपण पाहिलेलं आहे.

1989 साली दूरदर्शनवर ‘उडान’ आली. कविता चौधरींनीच लिहिली, दिग्दर्शित केली, आणि कल्याणी सिंगही त्यांनीच साकारली. प्रेरणा घरातलीच होती. त्यांची बहीण कंचन चौधरी भट्टाचार्य आयपीएस होत्या, पुढे 2004 मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. या मालिकेत शेखर कपूर जिल्हाधिकारी होते, हरीश मेनन. कल्याणी आणि हरीश यांच्यात काहीतरी आहे, हे बघणाऱ्याला कळायचं. दोघं कामाचं बोलत असायची, आणि बोलता बोलता एकमेकांबद्दलचा आदर डोळ्यांत दिसायचा. बस, एवढंच. तिच्या खाकी वर्दीचा मान त्या नजरेवर अवलंबून नव्हता. तिकडे प्रेम होतं, पण ते तिच्या आयुष्याच्या एका बाजूला होतं, आणि म्हणूनच ते इतकं सुंदर वाटायचं.

आता तुम्ही विचाराल, मग काय, बाईनं प्रेमच करू नये? तसं मी अजिबात म्हणत नाही. ‘अग्गंबाई सासूबाई’मधली आसावरी आठवा. निवेदिता सराफांनी काय सुरेख उभी केली होती! सासऱ्यांचं पथ्यपाणी आणि मुलाचे, बबड्याचे, लाड यांतच विधवा बाईचं आयुष्य सरलेलं. तिनं या वयात अभिजित राजेंचा हात धरणं हीच तिथली लढाई होती. मलाही काही हवंसं वाटतं, हे तिला आधी स्वतःशी आणि मग मुलासमोर कबूल करायचं होतं. ते प्रेम काढलं तर आसावरीची गोष्टच उरत नाही. राधिकाच्या गोष्टीतून सौमित्र काढा, ती तशीच ताठ उभी राहते. फरक इथे आहे. आणि एक बघा, आसावरीची किंमत अभिजितबरोबर आणखी एका माणसाला नीट कळली होती, ती म्हणजे तिची सून शुभ्रा. सासूचं लग्न व्हावं म्हणून ती साऱ्या घराशी भांडली. सासू-सुनेचं हे नातं मला त्या प्रेमकथेइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

आज इथे मालिका लिहिणारी काही मुलंमुली बसली आहेत. तुमच्या नायिकेचं लग्न लावायचं तर खुशाल लावा. पण हळदीला जितके भाग देता, तितके एकदा तिच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरला देऊन बघा. माल वेळेत निघेल का, एवढ्यासाठी आम्ही बायका दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर नक्की बसू.