तिबोटी खंड्या : दरडीतलं घर

(पाऊस. ओढ्याचा आवाज.)

जूनचा तिसरा आठवडा. कर्नाळ्याच्या डोंगराखालचा हा पऱ्या परवापर्यंत कोरडा होता. जागा याहून नेमकी सांगणार नाही, आणि ते मुद्दाम.

उजवीकडे, वाकलेल्या मुळीवर बघा. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर. शेंदरी चोच, पिवळंधमक पोट, पाठीला जांभळी झाक. तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हापक्षी. पायाला बोटं तीनच. पुढे दोन, मागे एक. नदीकाठच्या तारेवर दिसतो तो खंड्या वेगळा. याला जंगलाची गच्च सावली लागते, वाहता ओढा लागतो. पावसाबरोबर तो कोकणात विणीला येतो आणि आल्या आल्या शोधतो ती ओल्या मातीची उभी दरड.

घर तिथेच व्हायचं असतं. नर-मादी दोघंही खोदतात. हे पाहा, समोरून झेप, चोचीचा घाव, माघार. पुन्हा झेप. सुरुवातीला पाय टेकायलाही जागा नाही, म्हणून प्रत्येक घाव उडतानाच घालायचा. खळगा झाला की आत शिरायचं आणि पायांनी माती मागे उडवायची. चोच चिखलाने माखली, की ओढ्यात एक बुडी मारून परत कामावर. बीळ कधी हातभर, कधी पार मीटरभर. अवजारं काय, तर एक चोच आणि दोन पायांची मिळून सहा बोटं.

(निवेदन थांबतं. खोदकाम, ४० सेकंद.)

अंडी चार-पाच. दोघं आळीपाळीने सुमारे १७ दिवस उबवतात. मग सुरू होतो हा राबता. पाल, बेडूक, खेकडा, कोळी. आत्ता चोचीत आहे ती सापसुरळी. फांदीवर आपटून आपटून गार केलेली. तिचं डोकं पुढे धरलंय, म्हणजे घास पिल्लासाठी आहे.

हे आम्ही ओढ्याच्या पलीकडून, लांबच्या लेन्सने टिपलं. फोटोसाठी घरट्यापुढची पानं छाटली, तर जोडी घरटं टाकून जाऊ शकते. रस्त्यासाठी दरड कापली, तर पुढच्या पावसात खोदायला जागाच नाही.

पिल्लांना आता २० दिवस होत आलेत. आज सकाळपासून आईबाप घास आणतात, पण आत नेत नाहीत. समोरच्या मुळीवर बसून हाका मारतात.

बिळाच्या तोंडाशी बघा.

(निवेदन नाही.)